पट्टी, फ्लेक्स आणि अभंग: यंत्राचं काम तपासायचं कुणी?

लातूरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, कुठल्याही आडत दुकानात मुनीम वहीत '८-०५' लिहितो, म्हणजे आठ क्विंटल पाच किलो. शेतकरी, मापाडी, खरेदीदार, कुणालाच त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. तेच '८-०५' भारतीय पद्धतीच्या तारखा लावलेल्या एक्सेलच्या खान्यात टाइप करून एंटर दाबलं की तिथे आठ मे ही तारीख बसते. एक्सेल तारखा आकड्यांत साठवतं. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून त्याची मोजणी पुढे चालते आणि साल २०२५ धरलं तर ८ मे ला ती ४५,७८५ वर पोचते. शेजारच्या खान्यात समजा ४,२५० हा क्विंटलचा भाव आहे आणि तिसऱ्या खान्यात गुणाकार. मग ३४,२१२ रुपये ५० पैशांची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशोब, १९ कोटी ४५ लाखांवर जाते.

ही चूक शाळकरी पोरगंही पकडेल. घात करते ती तिची धाकटी बहीण. तारीख होऊ नये म्हणून मुनीम डॅश काढून टिंब देतो आणि ८.५ लिहितो. पण आठ क्विंटल पाच किलो म्हणजे ८.०५, आणि ८.५ म्हणजे आठ क्विंटल पन्नास किलो. वजनात ४५ किलोचा आणि पैशांत १,९१२ रुपये ५० पैशांचा फरक पडतो, तरी पट्टी दिसायला एकदम चोख. जमिनीचंही असंच. १ एकर २० गुंठे कुणी १.२० लिहिलं, तर संगणक ते सव्वा एकराच्याही आत धरतो. खरं क्षेत्र दीड एकर, कारण एकरात ४० गुंठे. टिंबाचा अर्थ काय हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं, खान्यात नसतं.

कार्यालयातलं काम यंत्राकडे देताना पहिली अडचण ही असते. यंत्र हुशार आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. आपल्या कामात न लिहिलेलं ज्ञान किती आहे, ते आधी कागदावर यावं लागतं.

दोन जातींची यंत्रं

सध्या 'एआय' या एका शब्दात सगळंच कोंबलं जातं, म्हणून आधी निवड करू. एका जातीचं यंत्र नियमावर चालतं. एक्सेलचं सूत्र, टॅलीतली नोंद, यादीतली नावं-आकडे पत्रात भरणारं मेल मर्ज, बँकेचं व्याज मोजणारी प्रणाली ही सगळी याच जातीची. तेच दिलं की तेच मिळतं, आज द्या नाहीतर दिवाळीला द्या. चुकलं तर नियम चुकलेला असतो किंवा आत टाकलेला आकडा, आणि ती चूक शोधून काढता येते.

दुसरी जात अंदाजावर चालते. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांसारखी भाषेची यंत्रं त्यातली. त्यांनी अफाट मजकूर चाळलेला असतो आणि त्यावरून त्यांना एवढंच शिकवलेलं असतं की इथवरच्या शब्दांनंतर कोणता तुकडा येण्याची शक्यता किती. नंतर माणसांनी 'हे उत्तर बरं, ते वाईट' असं सांगून त्यांना वळण लावलेलं असतं, पण तळाचं काम हेच. उदाहरणासाठी आकडे आपणच धरू. 'कोरडवाहू रानात यंदा' इथपर्यंत वाक्य आलंय. पुढे 'सोयाबीन' येण्याची शक्यता शंभरात ४०, 'तूर' २५, 'कापूस' २०, 'ज्वारी' १०, 'करडई' ४ आणि 'केशर' १. यंत्र या शक्यतांच्या प्रमाणात चिठ्ठी उचलतं, ती वाक्याला जोडतं आणि पुढच्या तुकड्यासाठी परत तेच.

चिठ्ठी किती धाडसाने उचलायची हे ठरवणारी एक कळ असते, तिला टेम्परेचर म्हणतात. ती शून्याजवळ नेली की यंत्र जवळपास दर वेळी 'सोयाबीन'च उचलतं. लिखाण सुरक्षित होतं आणि कंटाळवाणंही. कळ वर सरकवली की करडईचा नंबर लागायला लागतो, क्वचित केशराचाही.

आता गंमत बघा. 'कोरडवाहू रानात यंदा केशर पेरलं' हे गोष्टीचं पहिलं वाक्य असेल, तर आपण म्हणू, व्वा, काय कल्पना आहे. हेच वाक्य पीक कर्जाच्या अर्जात आलं तर ती घोडचूक. यंत्राने दोन्हीकडे तीच चिठ्ठी उचलली. त्याच्या आत 'कल्पना' आणि 'चूक' असे दोन वेगळे कप्पे नाहीत. उरते ती आपली निवड, की केशर कुठे चालतं आणि कुठे नाही. आणि कळ शून्यावर नेली म्हणजे यंत्र खरं बोलायला लागलं असंही समजू नका. सगळ्यांत शक्यतेचा शब्द आणि खरा शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कामं वाटायची कशी

आडत दुकान, पतसंस्था, शाळेचं कार्यालय, काहीही असो. आधी आठवडाभर एक वही ठेवा. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा: दिवसातून किती वेळा होतं, एकेकाला किती मिनिटं लागतात, त्याचं बरोबर उत्तर एकच आहे की अनेक चालतात, आणि चुकलं तर भुर्दंड कुणाला. तिसऱ्या रकान्यावर पुढचं सगळं उभं आहे. पट्टीची रक्कम, खातं क्रमांक, गट क्रमांक, व्याज यांना उत्तर एकच, म्हणून ती कामं नियमाच्या यंत्राकडे जातात. पत्राचा मसुदा, नोटिशीची भाषा, सभेच्या इतिवृत्तातलं वाक्य, जाहिरातीची ओळ हे दहा तऱ्हांनी लिहिलं तरी चालतं. तिथे अंदाजाचं यंत्र वापरायला हरकत नाही.

पट्टीच्या फाइलमध्ये वजनाला एक खाना ठेवूच नका, दोन ठेवा. एकात क्विंटल, दुसऱ्यात किलो. किलोच्या खान्याला डेटा व्हॅलिडेशनची अट घाला: किलो शून्याहून कमी नाही, शंभर किंवा त्याहून जास्त नाही. मग तिसऱ्या खान्यात किलोला शंभराने भागून क्विंटलमध्ये मिळवा. तारखेचा आणि टिंबाचा घोळ एका दमात मिटतो. जमिनीला हेच, फक्त गुंठ्यांना चाळिसाने भागायचं.

खातं क्रमांकाचा खाना टाइप करायच्या आधी 'टेक्स्ट' करून घ्या. नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात, आणि सोळा आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच खरे ठेवतं. एकदा एंटर दाबल्यावर खाना टेक्स्ट केला तरी गेलेला अंक परत येत नाही. बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो: पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि पाचवं कायम शून्य. टाइप करणारा तिथे हमखास इंग्रजी 'ओ' दाबतो आणि नजरेला फरक कळत नाही. लांबी ११ आहे का आणि पाचव्या जागी शून्य आहे का, एवढं सूत्राने तपासलं तर बँकेतून परत येणारी बरीच पेमेंटं दुकानातच अडतील. आधारच्या १२ अंकांतला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ते गणित जुळत नाही, म्हणून चांगली प्रणाली चुकीचा आधार क्रमांक जागच्या जागी नाकारते.

नावांपाशी मात्र नियम हात टेकतो. सातबाऱ्यावर 'ज्ञानोबा', बँकेत इंग्रजी स्पेलिंग 'डी'पासून, आधारवर 'जी'पासून. 'व्यंकट', 'व्यंकटी' आणि 'व्यंकटराव' हा एकच माणूस असेल किंवा सख्खे चुलत भाऊ असतील. इथे अंदाजाचं यंत्र उपयोगी पडतं, पण 'या जोड्या एकाच माणसाच्या वाटतात' अशी यादी करण्यापुरतं. जोडी पक्की करायची ती माणसाने, वडिलांचं नाव आणि गट क्रमांक बघून.

किती वेळ वाचेल याचा हिशोब लोक फार उदार हाताने मांडतात. समजा दिवसाला ६० पट्ट्या, हाताने चार मिनिटांची एक, म्हणजे चार तास. यंत्राने अर्ध्या मिनिटात एक होते, म्हणून साडेतीन तास वाचणार, असं विकणारा सांगतो. पण ६० पैकी सहा पट्ट्या अडतात: माल दोन भावांच्या नावावर, बारदाना परत, उचल आधीच घेतलेली. त्या सोडवायला प्रत्येकी १५ मिनिटं धरली तर दीड तास. उरलेल्या ५४ पट्ट्यांना २७ मिनिटं. मिळून ११७ मिनिटं. वाचले ते निम्मे, आणि शिल्लक राहिलं ते सगळं डोक्याचं काम. म्हणून मुनीम काढून पगार वाचवायला निघालेला मालक पहिल्या सीझनमध्येच अडचणीत येतो. वही मात्र पहिला महिनाभर बंद करू नका. दोन्हीकडे लिहा, रोज संध्याकाळी बेरजा ताडून बघा. दुप्पट कामाची कुरकुर होईल, पण फाइलमधले खड्डे त्याच महिन्यात कळतात.

पत्र लिहायला लावताना

अंदाजाच्या यंत्राला 'थकीत कर्जदारांना नोटीस लिहून दे' म्हटलं की ते रक्कम, तारीख, कलम आणि शासन निर्णयाचा क्रमांकसुद्धा लिहून देतं. शासन निर्णयाच्या क्रमांकाची घडण इतकी ठरलेली आहे की नसलेला क्रमांक बनवणं त्याला सगळ्यांत सोपं जातं. लबाडी म्हणून ते असं करत नाही. तशा जागी तसा दिसणारा मजकूर येतो, एवढंच ते शिकलंय. खऱ्या निर्णयाच्या शेवटी १८ आकडी संकेतांक छापलेला असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून बघा. निर्णय सापडला नाही तर पत्रातली ती ओळ खोडा.

यावर साधा उपाय आहे. यंत्राला सांगा की नाव, रक्कम, तारीख, खातं क्रमांक या जागा मोकळ्या सोड, आकडा एकही लिहू नको, फक्त भाषा बसव. मसुदा एकदा माणसाने वाचून पक्का करायचा, मग मोकळ्या जागा मेल मर्जने यादीवरून भरायच्या. भाषा अंदाजाने आली, आकडे नियमाने आले, आणि सभासदांचे आधार किंवा खाते क्रमांक फुकटच्या चॅटमध्ये चिकटवायची वेळही आली नाही. ते तसे चिकटवू नयेतच.

मराठवाड्यात आणखी एक काम हल्ली यंत्रापुढे येतंय, जुन्या कागदांचं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे गावोगावचे कागद उर्दूत, मोडीत आणि फसली या तिथल्या महसुली सनात आहेत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, हात न उचलता लिहितात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. म्हणजे वाचणारा माणूसही थोडा अंदाजच करत असतो, म्हणून अंदाजाचं यंत्र इथे खरंच मदत करू शकतं. धोकाही त्यातच आहे. वाळवीने खाल्लेल्या जागी ते गावात शोभेल असं नाव बेमालूम भरून देतं. स्कॅन निदान ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांवर, घ्या, आणि जे दिसत नाही तिथे 'अवाच्य' लिही अशी सक्त ताकीद द्या. सनाचं गणित तर त्याच्यावर सोडूच नका. '१३४४ फसली' म्हणजे त्यात ५९० मिळवून साधारण इसवी सन १९३४. यंत्राने तो आकडा तसाच इसवी सन म्हणून उतरवला, तर खापरपणजोबा तुघलकाच्या काळात जाऊन बसतात.

फ्लेक्सवरचं चित्र

फ्लेक्सच्या दुकानात ही यंत्रं कार्यालयाआधी पोचली. साहेबांमागे वाघ, मागे किल्ला, वर ढगांतून उजेड, सगळं मिनिटात. मग लिहिलेलं येतं 'शुभेचछा', किंवा वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर. कारण चित्राचं यंत्र अक्षर लिहीत नाही, अक्षराचं रूप रंगवतं. देवनागरीत जोडाक्षरं आणि मात्रा मिळून रूपं शेकड्यांनी होतात, आणि शिकताना त्याने इंग्रजी पाट्या कितीतरी जास्त पाहिलेल्या असतात. नवी यंत्रं यात सुधारली आहेत, तरी चित्र यंत्राकडून आणि मजकूर स्वतः युनिकोड फॉन्टमध्ये, हीच पद्धत ठेवा.

दुसरी भानगड मापाची. १,०२४ पिक्सेल रुंदीचं चित्र दहा फुटी फ्लेक्सवर ताणलं, तर १२० इंचांत एका इंचाला साडेआठ ठिपके येतात. जवळून बघायच्या फ्लेक्सला साधारण ७२ धरा, म्हणजे ८,६४० पिक्सेल हवेत. मोठं करून देणारी साधनं मधले ठिपके अंदाजाने भरतात. ढगांना ते चालतं, चेहऱ्याला नाही. कार्यकर्ते म्हणतात, फोटो चांगला आलाय, पण साहेब कुठंयत?

मागावरचा जुना वाद

यंत्राला सुचतं का, हा प्रश्न कापडापासून सुरू झाला, आणि त्या कापडाचा एक धागा छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू या नक्षीदार कापडापर्यंत येतो. फ्रान्समध्ये १८०४ साली जोसेफ जॅकार्डने मागावर छिद्रांची पुठ्ठ्याची कार्डं बसवली. छिद्र असेल तिथे सुई आरपार जाते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथे धागा खालीच राहतो. एक कार्ड, बाण्याची म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. हिमरूच्या मागावर पूर्वी मदतनीस बसून नक्षीचे दोरे ओढायचा. ते काम पुढे जॅकार्डकडे गेलं.

इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजने याच कार्डांवर चालणारं गणिती यंत्र आखलं. १८४३ साली एडा लव्हलेसने त्यावर टिपा लिहिल्या. जॅकार्डचा माग फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल, असं तिने म्हटलं. आणि हेही बजावलं की ते स्वतःहून काही निर्माण करत नाही, आपण जे करायला लावू शकतो तेवढंच करतं. १९५० साली संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगने याला उत्तर दिलं: यंत्रं मला वारंवार चकित करतात. दोघांचंही खरं आहे. माग नक्षी काढत नाही हे खरं, आणि नियम आपणच घातले तरी त्यांतून काय निघेल ते आधी दिसत नाही, हेही खरं.

पैठणीकडे बघितलं की फरक बोटाला लागतो. हातमागाच्या अस्सल पैठणीत काठ-पदरातला प्रत्येक रंग वेगळ्या कांडीने, शेजारच्या रंगात अडकवत विणतात, म्हणून मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते. जॅकार्डवरच्या नकलेत मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. दोन्हींवर मोर तोच. पण हाताने विणणारा मध्येच मोराची मान बदलू शकतो. कार्डांच्या मागाला त्यासाठी पुढची कार्डं नव्याने पाडावी लागतात.

२०१६ च्या मार्चमध्ये 'गो' हा पटावरचा खेळ खेळणाऱ्या अल्फागो या यंत्राने नामवंत खेळाडू ली सेडॉलविरुद्धच्या दुसऱ्या डावात ३७वी खेळी केली, तेव्हा जाणकारांना आधी ती चूकच वाटली. माणूस तिथे सोंगटी ठेवण्याची शक्यता यंत्राच्याच हिशोबाने दहा हजारांत एक होती. डाव यंत्राने जिंकला. ही कल्पकता नाही म्हणणं अवघड आहे. पण 'गो'मध्ये शेवटी हार-जीत ठरते, म्हणून यंत्र स्वतःशीच लाखो डाव खेळून कोणतं धाडस फळतं ते शिकू शकलं. त्याच्याकडे परीक्षक फुकट होता. कवितेला तसा गुणफलक नाही.

सहा, सहा, सहा, चार

हे घरी करून बघण्यासारखं आहे. मोठ्या अभंगाची घडण ठरलेली असते: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. यंत्राला पेरणीवर असा अभंग मागा. विषय नेमका असेल, भाषा गोड असेल, आणि अक्षरं पाच, आठ, सात, सहा अशी कुठेही जातील. कारण त्याला अक्षरं दिसतच नाहीत. मजकूर त्याच्याकडे तुकड्यांनी जातो. 'पावसाचे' हा शब्द त्याच्यासाठी दोन तुकडे असेल किंवा पाच, आपली चार अक्षरं नव्हे. मराठीचे असे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात.

म्हणून त्याच्याकडून एक नव्हे, वीस अभंग घ्या, आणि अक्षरं मोजणाऱ्या छोट्या नियमाच्या प्रोग्रॅमने चाळा. जोडाक्षर एक धरायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. अंदाजाने पिकवायचं आणि नियमाने पाखडायचं, पट्टीच्या आणि नोटिशीच्या वेळी केलं तेच. समजा चाळणीतून हे खाली पडलं:

काळ्या मातीवर । पावसाचे थेंब ।
बियाण्याला कोंब । फुटे आता ॥

सहा, सहा, सहा, चार. थेंब-कोंब यमक. नियम खूश. आता चौथ्या चरणाला पर्याय मागितले, आणि त्यांत एक आला 'जळे आता'. तोही चार अक्षरांचा, तोही चाळणीतून पास. यंत्राच्या लेखी 'फुटे' जास्त शक्यतेचा, 'जळे' कमी. पण पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झालेला असावा असं कृषी विभाग दरवर्षी का सांगतो, हे ज्याला ठाऊक आहे, ज्याने नुसत्या थेंबांवर पेरून दुबार पेरणीसाठी परत बियाण्याच्या दुकानाची पायरी चढलेली आहे, तो 'थेंब' हा शब्द वाचतानाच थबकेल आणि 'फुटे' खोडून 'जळे' ठेवेल.